पाठीवरचा डबा

गोपाळकृष्ण रिसबुडांना पोहता येतं, ही माहिती जगाला पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून मिळाली. मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, फोनवर. माहिती खोटी होती. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले, अख्ख्या जिल्ह्याचं पाणी कागदावर इकडचं तिकडे केलं, पण स्वतः बादलीपलीकडे कधी भिजले नव्हते.

फोन मंदाकिनीबाईंचा होता. रोजच असायचा. टेक्सासात रात्रीचे दहा वाजले आणि नातू झोपला, की त्या पुण्यात साडेआठला फोन लावायच्या. लेकीच्या, हेमाच्या पहिल्या बाळंतपणासाठी सहा महिने म्हणून त्या गेल्या, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. आधी तिथे राहायचे कागद होईपर्यंत बाहेर पडता येत नव्हतं. कागद झाले तेव्हा नातवाला सोडता येईना. त्यामुळे विश्रांतवाडीच्या तिसऱ्या मजल्यावरचा संसार फोनवरून चालायचा. टाकी भरली का? गॅसचा नंबर लावला का? तुळशीला पाणी घातलंत का? गोपाळकृष्ण ओळीने उत्तरं द्यायचे. भरली, लावला, घातलं. मग मंदाकिनीबाई जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "अजून काही?" गोपाळकृष्ण म्हणायचे, "काही नाही. ठेव."

खरं म्हणजे काही होतं. एकच शब्द होता, 'ये'. तो रोज त्यांच्या ओठांपर्यंत यायचा आणि परत जायचा. आपण होऊन विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. अडतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला एवढं न सांगता कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे म्हणणंही त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. मात्र एकदा, अमेरिकेचा व्हिसा मागायला गेले असताना, खिडकीतल्या गोऱ्या बाईने "कशासाठी जायचंय?" असं विचारल्यावर त्यांनी स्वच्छ आवाजात सांगितलं, "बायकोला परत आणायला." व्हिसा मिळाला नाही. जे बायकोला सांगायचं ते परक्या बाईला सांगून बसलो, याची चुटपुट मात्र लागून राहिली.

तर त्या मंगळवारी मंदाकिनीबाई म्हणाल्या, "हेमा म्हणतेय, जूनमध्ये मेक्सिकोला जाऊ. तुम्ही परस्पर तिथेच या. तिथला व्हिसा मिळेल तुम्हाला. एक दिवस त्या जमिनीतल्या खड्ड्यांत पोहायला जायचंय."

"खड्ड्यांत?"

"चुनखडीचे असतात. खालून पाणी वाहतं, वरचं छत कोसळतं आणि आपोआप विहीर तयार होते. सेनोते म्हणतात तिकडे. तुम्ही काय, काठावर बसा."

मागून जावई हसल्याचा आवाज आला. जावई कशाला हसला होता देव जाणे, बहुतेक टीव्हीवर काही चाललं असेल. पण 'काठावर बसा' आणि ते हसणं एकापाठोपाठ आलं आणि गोपाळकृष्णांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काठावर कशाला? येतं मला पोहायला."

पलीकडून प्रश्न आला, "कधीपासून?"

"अगं, पाटबंधारे खात्यात होतो मी!"

"बरं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. मग नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबून त्यांनी विचारलं, "अजून काही?"

"काही नाही. ठेव."

फोन ठेवल्यावर गोपाळकृष्णांनी सगळं नीट आखलं. मेक्सिकोत, समोरासमोर, तो शब्द उच्चारायचा. पण कसा? काठावर बसलेला म्हातारा 'ये' म्हणाला तर ती विनवणी होते. तोच माणूस पाणी कापत पलीकडे जाऊन आला आणि अंग पुसता पुसता 'काय, येतेस ना आता?' म्हणाला, तर त्या शब्दाला वजन येतं. म्हणजे पोहणं आलंच पाहिजे. हाताशी पाच आठवडे होते.

महापालिकेच्या एका तलावावर ते गेले, तर तिथे मे महिन्याची जत्रा भरली होती. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज दिला, डॉक्टरांचा दाखला मागितला, दोन फोटो मागितले. हे सगळं घेऊन तिसऱ्या दिवशी गेल्यावर त्यांनी विचारलं, "पोहता येतं का?"

"त्यासाठीच आलोय."

"शिकणाऱ्यांची यादी भरली. आता ऑगस्टमध्ये. येणाऱ्यांना लगेच प्रवेश आहे."

"येत असतं तर मी आलो कशाला असतो?"

"तेच विचारतोय," असं म्हणून गृहस्थांनी खिडकी लावली. जेवणाची सुट्टी झाली होती.

ही हकीकत त्यांनी सोसायटीत कोणाला सांगायला नको होती. पण दिवसभर घरात बोलायला कोणी नसलं, की माणूस जिन्यात भेटेल त्याला सांगतो. सेक्रेटरी मच्छिंद्र ढमढेरे भेटले. हे फार कामाचे गृहस्थ. पाण्याच्या मोटरचं बटण त्यांनी गेली तीन वर्षं गोपाळकृष्णांवर सोपवलेलं होतं, "तुम्ही काय, एकटेच असता" या एका कारणावर. मोटर चालू करायची, टाकी भरली की बंद करायची, आणि टाकी वाहिली तर अख्ख्या इमारतीची बोलणी खायची, असं ते मानाचं पद होतं.

"पोहायला शिकायचं काय असतं त्यात?" ढमढेरे म्हणाले. "प्रेत कधी बुडलेलं पाहिलंय? तरंगतं. का? तर ते घाबरत नाही. तुम्ही फक्त घाबरू नका."

हे मार्गदर्शन ऐकल्यावर गोपाळकृष्णांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांना वारज्याच्या आप्पासाहेबांची आठवण झाली. तीस वर्षांपूर्वी गोपाळकृष्णांनी नकाशावर काढलेल्या कालव्याची रेघ आप्पासाहेबांच्या शेतातून गेली होती. तेव्हापासून दोघांची ओळख होती. तिला मैत्री म्हणायचं की तक्रार, हे अजून ठरायचं होतं. कालवा काही झाला नाही, शेताच्या जागी इमारती झाल्या. पण मधोमध एक विहीर मात्र राहिली होती.

विश्रांतवाडीहून स्वारगेट आणि स्वारगेटहून वारजे, अशा दोन बस करून ते पोचले. चारही बाजूंना अकरा-अकरा मजले, गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि मधे दगडी बांधणीची जुनी विहीर. विहिरीच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत आप्पासाहेबांची आई बसली होती. बायडाबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नऊवारी लुगडं, तोंडात मिश्री.

"आई शिकवेल," आप्पासाहेब म्हणाले. "आमच्या तीन पिढ्या तिनंच पाण्यात लोटल्यात. तुमच्यावर तर तिचा जुना राग हाय. नीट शिकवेल."

बायडाबाईंची पद्धत सरळ होती. आधी अंगाला खोबरेल तेल चोपडायचं, नखशिखांत. मग तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा झाळून, म्हणजे हवाबंद करून, पाठीवर दोरीने बांधायचा. कमरेला दुसरी दोरी, तिचं टोक बायडाबाईंच्या मुठीत. आणि मग पायरीवरून ढकलायचं. सोसायटीत आयुष्य गेलेल्या माणसाला अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही. पहिल्या दिवशी गोपाळकृष्ण पाण्यात पडता पडता "अहो, थांबा!" एवढंच म्हणू शकले.

"हात मारा, सायेब!" बायडाबाई वरून ओरडायच्या. "कागदावर रेघ वढल्यागत नगा करू! तंगड्या झाडा!"

अकरा मजल्यांच्या गॅलऱ्यांतून लोक बघायचे. एक बाई तर कपडे वाळत घालायला रोज बरोबर त्याच वेळी यायची, आणि तिचे कपडे काही संपायचे नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात दम खायला पायरीवर बसले असताना बायडाबाईंनी विचारलं, "मालकीण कुठं असत्यात?"

"अमेरिकेत. लेकीकडे."

"कवा येनार?"

"बघू."

"या म्हनलं का तुमी?"

"म्हणायला कशाला हवं? कळतं तिला."

"कळतं म्हनून कोन येतं व्हय? माजी म्हस सुदिक हाक मारल्याबगार येत नव्हती." बायडाबाईंनी दोरीला हिसका दिला. "पवता येतं का त्यास्नी?"

"छे! तिला कुठलं?"

"आमच्या टायमाला समद्या पोरी पवायच्या," असं म्हणून त्यांनी गोपाळकृष्णांना परत पाण्यात लोटलं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी गोपाळकृष्ण विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला लागले. डबा असला तर. डबा काढला की ते सरळ खाली जायचे, खात्यातल्या फायलीसारखे, आणि बायडाबाईंना दोरी ओढावी लागायची. तेव्हा डबा मेक्सिकोला न्यायचा, हे ठरलं. जुना डबा गंजला होता, म्हणून ते वारज्यातच पत्र्याचं काम करणाऱ्या अय्युबभाईंकडे नवा झाळायला घेऊन गेले.

"आत काय भरायचं?" अय्युबभाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग झाकण बंद कशाला करायचं?"

"आतलं बाहेर येऊ नये म्हणून."

अय्युबभाईंनी डब्यात वाकून बघितलं, मग गोपाळकृष्णांकडे बघितलं. "घरी कोणी असतं का साहेब?" त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं. "सध्या नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. मग अय्युबभाईंनी डबा चांगला पक्का झाळून दिला.

मेक्सिकोच्या विमानतळावर तो पक्केपणा नडला. बॅगेतून डबा निघाला आणि गणवेशातली तीन माणसं आणि एक कुत्रा गोळा झाले. हलवलं तर आवाज नाही. उघडायला जावं तर झाकण नाही.

"आत काय आहे?"

"हवा."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "कुठली हवा?"

"वारजे, पुणे," गोपाळकृष्णांनी खरं ते सांगितलं. खरं बोलून खिडक्यांवर त्यांचं कधीच भलं झालेलं नव्हतं. त्या माणसांनी डब्याला बोटभर भोक पाडलं, आत वाकून वास घेतला आणि शेंगदाणा तेलाचा वास आल्यावर डबा परत दिला. बाहेर हेमाने मिठी मारली, जावयाने बॅग घेतली. छोटू म्हणजे नातू, तो त्यांच्याकडे बघून आजीच्या मागे लपला. मंदाकिनीबाईंनी केस कापले होते, पायांत बूट घातले होते. तीन वर्षं जिची वाट पाहिली ती बाई हीच ना, हे बघायला गोपाळकृष्णांना क्षणभर थांबावं लागलं.

"वाळलात," त्या म्हणाल्या.

"तूही."

एवढं झाल्यावर छोटूला शू लागली आणि त्या त्याला घेऊन गेल्या. हॉटेलात छोटू आजीशिवाय झोपत नसल्यामुळे गोपाळकृष्णांना जावयाच्या खोलीतला सोफा मिळाला. पुण्याहून इतक्या लांब येऊनही ते एकटेच पडून छताकडे बघत होते. फरक एवढाच, की इथे भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता. ती नातवाला गोष्ट सांगत होती.

डब्याचं भोक त्यांनी साबणाने बुजवलं. स्कूटरची टाकी गळायला लागली की साबण चोळायचा आणि खुशाल मैलोन्‌मैल जायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. साबण पेट्रोलला दाद देत नाही. पाण्याचं वेगळं असतं, हे पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या वेळी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन खड्डे होते. पहिल्या खड्ड्यावर शिपायाने त्यांच्या दंडावरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. सकाळी सहाला उठून त्यांनी बायडाबाईंच्या पद्धतीने नखशिखांत खोबरेल चोपडलं होतं. पाणी खराब होऊ नये म्हणून तिथे तेल लावून उतरायला सक्त मनाई. त्यांना नळाखाली पाठवण्यात आलं. परत बोट, परत नाक, परत नळ. तीन अंघोळी झाल्या तेव्हा त्या खड्ड्याची वेळ संपली होती. दुसरा खड्डा गुहेत होता. तिथे पाण्यापेक्षा फोटो काढणारी माणसं जास्त होती.

तिसरा खड्डा मात्र खरा होता. गोल, खोल, वरून झाडांच्या मुळ्या लोंबत खाली आलेल्या, आणि तळाचे दगड दिसावेत असं निळं पाणी. साठ लाकडी पायऱ्या उतरून खाली गेल्यावर वर आभाळाचा तेवढाच गोल तुकडा दिसत होता. गोपाळकृष्णांना वारज्याचीच आठवण झाली. फक्त इथे कोणी कपडे वाळत घालत नव्हतं.

खाली नवा अपमान तयार होता. तरंगायचं जाकीट सक्तीचं होतं, लहान-थोर, पोहणारा-न पोहणारा सगळ्यांना. म्हणजे महिनाभर विहिरीत नाकातोंडात पाणी घेतलं ते कशाला? मंदाकिनीबाई छोटूला घेऊन पाण्यालगतच्या फळीच्या काठावर बसल्या होत्या. गोपाळकृष्णांनी जाकीट चढवलं आणि त्याच्यावर, पाठीला, डबा बांधला.

"हे काय?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"पद्धत आहे एक," असं म्हणून ते पाण्यात उतरले.

सात हात झकास गेले. आठव्या हाताला पाठीमागे गुडगुड असा आवाज झाला. साबण विरघळला होता. डबा भरला आणि मागे ओढू लागला. जाकीट काही बुडू देईना, डबा काही तरंगू देईना. या ओढाताणीत गोपाळकृष्ण उताणे झाले आणि आभाळाच्या गोलाकडे बघत जागच्या जागी फिरू लागले. तोंडात पाणी जात होतं. मदतीसाठी ओरडणं त्यांना जमलं नाही. सभ्य माणसाला शोभेल अशा आवाजात ते म्हणाले, "अहो, जरा इकडे बघता का कोणी?"

धप्पकन आवाज झाला. शिपायाची शिट्टी वाजली. जाकीट न घालता, पंजाबी ड्रेससकट, एक बाई सरळसोट हात मारत चार हातांत त्यांच्यापर्यंत पोचली, तिने मागून दोरीची गाठ सोडली, डबा तळाला सोडून दिला आणि त्यांना पाण्यावर आडव्या बांधलेल्या जाड दोराला नेऊन लावलं. त्या मंदाकिनीबाई होत्या.

जरा श्वास आल्यावर गोपाळकृष्ण म्हणाले, "तुला पोहता येतं?"

"सासवडला मामाच्या विहिरीत शिकले. आठ वर्षांची होते."

"अडतीस वर्षांत कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

वरून छोटू "आजी! आजी!" म्हणून हाका मारत होता, हेमा त्याला धरून उभी होती, शिपाई शिट्टी वाजवत होता. दोराला धरून दोघं पाण्यात लोंबत होती. पलीकडे जाऊन येणं, अंग पुसणं, शब्दाला वजन येणं, यातलं काहीच झालेलं नव्हतं. केसांतून पाणी गळत होतं आणि दात वाजत होते. गोपाळकृष्णांनी विचारलं, "येतेस का घरी?"

तो खड्डा घुमटासारखा होता. वरपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

मंदाकिनीबाईंनी वर हेमाकडे बघितलं. "हेमाला दुसरं होणार आहे," त्या म्हणाल्या. "जानेवारीत. तुम्हाला इथेच सांगणार होतो आम्ही. मी राहीन म्हणून शब्द दिलाय तिला. अजून वर्षभर तरी नाही आता."

"कधी दिलास शब्द?"

"मेमध्ये. त्या मंगळवारी तुम्हाला फोन केला ना, पोहता येतं म्हणालात तेव्हा. हेमा विचारून बसली होती, मी तिला थांबवून ठेवलं होतं. तुम्हाला विचारलं, अजून काही? तुम्ही म्हणालात, काही नाही, ठेव. मग दुसऱ्या दिवशी तिला हो म्हटलं." त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "तीन वर्षं रोज विचारत होते हो मी. ते काय गॅसच्या नंबरासाठी?"

 महिनाभर गोपाळकृष्ण पोहायला शिकत होते आणि त्याआधीच, त्या मंगळवारी, एका शब्दाने काम झालं असतं. बायकोचा हात दोरावर त्यांच्या हाताशेजारी होता. त्यांनी त्यावर आपला हात ठेवला. मग शिपाई होडी घेऊन आला आणि दोघांना रागावून बाहेर घेऊन गेला.

पुण्याला ते एकटेच परतले. दुसऱ्या दिवशी दोन बस करून वारज्याला गेले.

"डबा?" बायडाबाईंनी विचारलं.

"बुडाला."

"आन तुमी?"

"मालकिणीने काढलं."

बायडाबाईंनी मान डोलावली, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. "या म्हनलं का?"

"म्हटलं. उशीर झाला. आता वर्षभर नाही."

बायडाबाईंनी कमरेची दोरी त्यांच्याकडे फेकली. "मग वरीसभर म्हना," त्या म्हणाल्या. "उतरा आता. बिनडब्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळकृष्णांनी मोटर चालू केली, खुर्चीत बसले आणि आठ पंचवीसला स्वतः फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मंदाकिनीबाई घाबरून म्हणाल्या, "काय झालं? बरे आहात ना?"

"काही झालं नाही. छोटू झोपला का? हेमाला उलट्या होतात का? तू जेवलीस का?"

मंदाकिनीबाईंनी ओळीने उत्तरं दिली. झोपला, होतात, जेवले. 

"अजून काही?" त्यांनी विचारलं.

"हो. ये."

"अहो, सांगितलं ना, पुढच्या वर्षी..."

"माहीत आहे मला. तरी ये."

 पलीकडे नाक ओढल्यासारखा आवाज झाला, मग थांबला. फोन मात्र कोणी ठेवला नाही. गच्चीवर टाकी भरून वाहायला लागली, पाणी जिन्यावरून धो धो खाली आलं, ढमढेरे "रिसबूड! अहो रिसबूड! मोटर!" म्हणून तळमजल्यावरून ओरडायला लागले. गोपाळकृष्ण फोन कानाला लावून खुर्चीत तसेच बसून राहिले.